झडपेत मावेल एवढा माणूस

टेलरबाईंच्या हाताला एक खोड होती. कोणी पँट दुरुस्तीला टाकली की सांगितलेलं काम तर त्या करायच्याच, पण जाता जाता कंबरही बोटभर सोडून द्यायच्या. न विचारता, न सांगता. चेन बदलायला आलेला माणूस घरी जाऊन पँट चढवायचा आणि बायकोला म्हणायचा, "बघ, उगाच मागे लागतेस. बारीक झालोय मी." अशा रीतीने गल्लीतली निम्मी माणसं बाईंच्या दुकानामुळे बसल्या जागी बारीक झाली होती. ह्याला फसवणूक म्हणतात हे बाईंच्या कधी डोक्यातच आलं नाही. दुकानातून जाताना माणसाची मान खाली जाऊ नये, एवढंच त्यांना कळायचं.

आता ज्या बाईचा हात परक्यांसाठी इतका सैल, ती घरच्या माणसासाठी काय करणार नाही?

घरचा माणूस लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक होता. तिथे सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि हळूहळू घरातही तेच नाव रूढ झालं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली आणि आत कोणी अडकलं की उस्तादांना बोलावणं यायचं. वरच्या मजल्याचं दार उघडून लिफ्टच्या टपावर उतरायचं, टपावरची चौकोनी झडप उघडायची, त्यातून आत जायचं, घामाघूम झालेल्या माणसाला धीर द्यायचा आणि त्याच वाटेने वर येऊन लिफ्ट मजल्याला लावायची. ह्या कामावर उस्तादांचा भारी जीव. "जगात सगळे वरून येणाऱ्याला घाबरतात," ते म्हणायचे, "फक्त आमच्या धंद्यात वरून कोणी आलं की माणसाला हायसं वाटतं."

मागच्या वर्षी उस्तादांनी वजन उतरवलं होतं, आणि तेही डंका पिटून. त्याचा परिणाम असा झाला की जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या पोटाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. शेजारीण ताटात डोकावायची, किराणावाला बिस्किटांचा पुडा हातात देताना "नक्की ना?" असं विचारायचा. तरी उस्ताद हटले नाहीत. वजन उतरलं, बाईंनी दोन्ही गणवेशांच्या पँटी आवळून दिल्या. मग पाय मुरगळला, उस्ताद घरी बसले, आणि घरी बसलेल्या माणसाला सोबत लागते ती लोणी लावलेल्या पावाची. वजन आधी पाहुणं म्हणून आलं आणि मग घरजावई झालं.

पाय बरा झाल्यावर कामावर जायच्या पहिल्या सकाळी पँटचं बटण काही केल्या लागेना. उस्तादांनी श्वास ओढला, पलंगावर आडवे झाले, उठले, आणि आरशात स्वतःकडे असं बघितलं की बाईंच्या काळजात चर्र झालं. "धुतल्यावर आटली असेल, ओल्या कापडाला मी इस्त्री जोरात केली," असं म्हणून त्यांनी पँट हातातून काढून घेतली आणि पाच मिनिटांत कंबर सोडून दिली. चांगला टेलर शिलाईच्या आत जादा कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. नवऱ्याच्या पँटींना बाईंनी ती सढळ हाताने ठेवली होती. पुढे मग ते चालूच राहिलं. पोट बोटभर पुढे आलं की शिलाई बोटभर मागे जायची, आणि उस्ताद आरामात शीळ घालत कामावर जायचे.

वजनाचा काटा होता घरात, पण त्याच्याशी उस्तादांचं वाजलं होतं. तो कपाटावर पडून होता. "काट्याचं काय खरं?" ते म्हणायचे. "जमीन जरा तिरकी असली की तो वाट्टेल ते सांगतो. पँट खोटं बोलत नाही." पट्ट्याची भोकं तरी खरं बोलली असती, पण बकल कशातही अडकतं म्हणून कंपनीने पट्टेच बंद केले होते. घरी उस्ताद नाडीचा पायजमा घालत, आणि नाडीला स्वतःचं मत नसतं.

तर अशी सगळीकडून तोंडं बंद असल्यावर खरं बोलायचं काम शेवटी झडपेवर आलं.

एका जुन्या इमारतीत गाणं शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई लिफ्टमध्ये अडकल्या. उस्ताद टपावर उतरले, झडप उघडली, "घाबरू नका, मी आलो" म्हणाले आणि पाय आत सोडले. पाय आले, गुडघे आले, मांड्या आल्या आणि मग काहीच येईना. खाली गाणाऱ्या बाई, वर उस्तादांचा कामावरचा जोडीदार, आणि मधल्या चौकटीत बूच बसावं तसे स्वतः उस्ताद. थोडा वेळ वाट बघून गाणाऱ्या बाईंनी लोंबणाऱ्या बुटांना विचारलं, "काय हो, मला सोडवायला आलात की सोबतीला?" जोडीदाराने काखेत हात घालून ओढलं, खालून गाणाऱ्या बाईंनी तळव्यांना टेकू दिला, आणि त्या वयात त्यांनी असा काही जोर लावला की उस्ताद एकदाचे वर निघाले. लिफ्ट मग दुसऱ्याच मेकॅनिकने सोडवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. उस्तादांनी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, झडपच लहान आहे. माझ्या अंगावर मागच्या वर्षीचीच पँट आहे, बघा, बरोब्बर बसते!" झडपा सगळ्या एका मापाच्या असतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आधी जोडीदाराने तोंड फिरवलं, मग पाठीमागचा कोणी फिसकन हसला, आणि मग सगळं ऑफिस हसलं. साहेब तेवढे हसले नाहीत. थंडी संपली की परत परीक्षा घेऊ, म्हणाले. झडपेतून उतरलात तर काम तुमचं, नाहीतर तक्रारींच्या टेबलावर बसायचं. म्हणजे दिवसभर फोन कानाला लावून "माणूस निघालाय, पोचतोच आहे" असं खोटं सांगायचं.

हे सगळं उस्तादांनी घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना शेवटी विचारलं, "तूच सांग, पँट बसते ना मला?"

"बसते की," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातली सुई बोटात गेली.

बाईंना तोंड दाखवायला जागा उरली नाही. आपला माणूस भर ऑफिसात आपल्याच शिलाईच्या भरवशावर खोटा पडला, हे त्यांना टोचत राहिलं. सरळ सांगून टाकायचं, तर ते आणखी खचतील. शिवाय खरं सांगायची सवय लागते, आणि ती बाईंना नव्हती. मग त्यांनी त्यांच्या परीने तोडगा काढला. जसं गुपचूप सोडलं, तसं गुपचूप आवळायचं. पँट घट्ट झाली की आपोआप डोळे उघडतील, जीभ आवरेल, आणि आपल्याला वाईटपणा घ्यायला नको. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

दोन पँटींपैकी एक उस्तादांच्या अंगावर असली की दुसरी दोरीवर असायची. दुपारी दुकान शांत असताना बाई दोरीवरची उतरवायच्या आणि शिलाई बोटाच्या पेराएवढी आत घ्यायच्या. कापड कापलं मात्र नाही. कोण जाणे, परत सोडायची वेळ आली तर? ते आतच दुमडत गेल्या.

चमत्कार असा की उस्ताद तक्रारच करेनात. बाई रोज सकाळी कान देऊन बसायच्या, आता "अगं, आटली बघ परत" येईल. छे! बटण लागायचं, आणि उस्ताद गप्प निघून जायचे. बाईंना वाटायचं, श्वास रोखून धरताहेत, मानी माणूस. मग त्या आणखी आवळायच्या. रात्रीच्या जेवणाला उस्ताद दोन घास खाऊन उठायचे. मन आतून खातंय त्याचा हा परिणाम, असं समजून बाई सकाळचा डबा वरपर्यंत भरायच्या: उकडलेली अंडी, बटाटे, जाडजूड पाव, वर केकचा तुकडा. आणि डबा संध्याकाळी चाटूनपुसून लख्ख परत यायचा. म्हणजे खाणं काही सुटलं नव्हतं. बाई कपाळाला हात लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच भरायच्या.

परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली आणि त्या दुपारी दुकानात उस्तादांचा जोडीदार आला. ह्या गृहस्थाला कंपनीत काडी म्हणत. तो दारात उभा राहिला तर आरपार दिसायचं, असं म्हणायचे. आज तो पोटावर पिशवी धरून उभा होता.

"वहिनी, एक काम होतं. कोणाला सांगू नका."

"बोला ना भाऊजी."

"पँट आटली."

"धुण्यात?"

"नाही," काडी म्हणाला. "जेवणात."

त्याने पिशवी बाजूला केली. काडीचा ओंडका व्हायला घेतला होता. बाई बघतच राहिल्या.

"मी काय करू, वहिनी? तुमच्या हाताला चव अशी! उस्ताद डबा उघडतात, एक अंडं खातात आणि बाकीचा माझ्यापुढे सरकवतात. म्हणतात, अन्न टाकू नये. थंडीपासून चाललंय. हल्ली तर तुम्ही भरताही जास्त. मी एकटा किती लढणार?"

बाईंनी मशीनवरचा पाय काढला. "थंडीपासून?"

"अरे देवा. तुम्हाला सांगायचं नव्हतं. शपथ घातलीय त्यांनी." पण काडीचं पोट वाढलं तरी त्यात काही राहत नसे. "मागच्या वेळी सांगून केलं तर जगाने ताट मोजलं. ह्या वेळी म्हणाले, मुकाट्याने करतो, पँट सैल झाली की घरी एकदम दाखवतो. कामावरून चालत घरी जातात, माहीत आहे? पण कसली सैल न् कसलं काय! रोज सकाळी तोंड पाडून येतात. काल तर म्हणाले, माझं शरीरच माझं वैरी आहे. उद्या परीक्षेला उभाच राहत नाही, साहेबांना सांगतो, द्या टेबल."

काडी आणखी बरंच बोलला, पण बाईंना ऐकू आलं नाही. त्या उठल्या, दोरीवरची पँट ओढली आणि कमरेला टेप लावला. मागच्या वर्षीचं माप होतं. त्यांचा नवरा श्वास रोखून धरत नव्हता. तो खरंच तेवढा झाला होता. तो एक बोट कमी व्हायचा आणि त्या एक बोट आवळायच्या, तो पुन्हा कमी व्हायचा, त्या पुन्हा आवळायच्या. महिनोन् महिने तो अर्धपोटी राहून जी कंबर मिळवत होता, ती बाई रोज दुपारी चोरून नेत होत्या. त्यांना आधी हसू फुटलं आणि मग स्वतःचीच चीड आली.

"वहिनी, माझं तेवढं कमरेत..." काडी म्हणाला.

"सोडते," बाई म्हणाल्या. "पण किती सोडलं ते तुम्हाला दाखवून. तुमचं पोट सुटलंय, भाऊजी."

असं वाक्य त्या दुकानात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. काडी दुखावला, पण पँट ठेवून गेला.

संध्याकाळी उस्ताद घरी आले ते हातात केकचा डबा घेऊन. अख्खा केक, वर साईचा थर. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि सुरी घेतली. "बस," ते म्हणाले. "आज पोटभर खाऊ. उद्यापासून खुर्चीवर बसायचंय, खुर्चीला काही झडप नसते."

"अहो, आधी माझं ऐका."

"खाताना ऐकतो."

"नाही. आधी." बाईंनी पँट उलटी करून केकच्या शेजारी टाकली आणि सांगायला लागल्या. पाय बरा झाला त्या सकाळपासून सगळं सांगितलं. इस्त्रीचं खोटं, सोडलेली शिलाई, आवळलेली शिलाई, काडीचं पोट. शब्द जुळत नव्हते, तरी काही गाळलं नाही.

उस्तादांनी पँट उचलून दिव्याखाली धरली. ते मेकॅनिक होते. झिजलेल्या खुणा वाचायचं त्यांचं कामच. कापडावर सुईच्या भोकांच्या ओळीच ओळी होत्या, बाहेर गेलेल्या आणि परत आत आलेल्या. त्यांनी एकेक ओळीवरून नख फिरवलं. बाईंना वाटलं, आता हसतील. मागच्या वर्षीचं माप आहे म्हटल्यावर कोणाला आनंद होणार नाही?

"म्हणजे मी त्या झडपेत अडकलो ते तुझ्यामुळे," उस्ताद म्हणाले.

"अडकलात ते पोटामुळे," बाई म्हणाल्या. "कळलं नाही ते माझ्यामुळे."

"सगळं ऑफिस हसलं तेव्हा तुला ठाऊक होतं. मी घरी येऊन विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं."

"हो."

उस्तादांनी पँट सुलटी केली. मग हळूच म्हणाले, "रोज सकाळी बटण लावताना मला रडू यायचं. बाथरूमचा नळ सोडून मी रडायचो. मला वाटायचं, मीच काहीतरी चुकीचा बनलोय. लोकांचं पोट उपाशी राहिलं की उतरतं, माझंच उतरत नाही."

बाईंना मग हुंदका आवरला नाही. त्यांना आयुष्यात कोणाचं वाईट करायचं नव्हतं, आणि ज्याचं सगळ्यात भलं करायला गेल्या त्यालाच त्यांनी रडवलं होतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "द्या ती पँट. आतलं सगळं कापड कापून टाकते, नीट शिवून देते. उद्या परीक्षेला जा."

"हात लावायचा नाही," उस्ताद म्हणाले. "आजपासून माझ्या पँटला तू हात लावायचा नाहीस." त्यांनी सुरी खाली ठेवली, केकचं झाकण लावलं आणि ते झोपायच्या खोलीत निघून गेले. दारातून मागे न बघता म्हणाले, "तो केक काडीला दे. त्याला आता सवय झालीय."

सकाळी उस्ताद त्याच पँटमध्ये निघाले. परीक्षेला की टेबल मागायला, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची बाईंची प्राज्ञा नव्हती. त्या दुकान बंद ठेवून मागोमाग निघाल्या. उस्तादांनी वळून बघितलं नाही, पण पावलं जरा हळू टाकली.

कंपनीच्या इमारतीत साहेब टपावर जायला सज्ज होते, काडी चाव्यांचा जुडगा घेऊन उभा होता. "आत प्रवासी कोण होणार?" साहेबांनी विचारलं. उस्ताद काही तरी बोलायला तोंड उघडत होते. बाई पुढे झाल्या आणि लिफ्टमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "मी अडकते," त्या म्हणाल्या. उस्तादांनी तोंड मिटलं आणि जिना चढायला लागले.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. आत छोटासा दिवा, आणि वर पावलांचा आवाज. बाईंना खरंच अडकल्यासारखं वाटलं. मग डोक्यावरची झडप उघडली.

पाय आले, गुडघे आले, मांड्या आल्या. मग सगळं थांबलं.

"काय झालं?" वरून साहेबांचा आवाज.

"अडकलो," उस्ताद म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "साहेब, नाही जमत. ओढा वर."

बाईंनी टाचा उंचावून बघितलं. पोट अडकलं नव्हतं. पोट केव्हाच चौकटीच्या खाली आलं होतं, समोरून बोटभर फट दिसत होती. अडकलं होतं मागे. सगळ्या हिवाळ्यात आत दुमडत नेलेल्या कापडाची जाड वळकटी झडपेच्या कडीत गुंतून बसली होती. बाईंनी हात वर केला. तो पोचेना.

"ओढू नका!" त्या ओरडल्या. "अहो, तुम्ही नाही अडकलात. पोट आत आलंय तुमचं. मागचं कापड अडकलंय कडीत. माझं कापड. हात सोडा, फाटेल आणि तुम्ही उतराल."

बाईंना डोक्यावर लोंबणारे दोन पाय दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

"पोट आत आलंय?" शेवटी वरून आवाज आला.

"आलंय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत असशील तर नको सांगूस."

"नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आज नाही. खरंच आलंय."

ह्या बाईचा शब्द कितपत धरायचा, हे वर लटकलेल्या माणसाने किती वेळ तोलून बघितलं ते त्याचं त्याला माहीत. बाईंना तो वेळ फार मोठा वाटला. मग उस्तादांनी श्वास सोडला आणि हात सोडले.

चर्रर्र असा लांबलचक आवाज झाला आणि उस्ताद सबंधच्या सबंध लिफ्टमध्ये येऊन उभे राहिले. लिफ्ट हिंदकळली. बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. वरून काडीने टाळ्या पिटल्या.

"उतरलात का?" साहेबांनी वाकून विचारलं. "झकास! आता वर या, म्हणजे झालं."

उस्तादांनी मागे हात नेऊन चाचपलं. कमरेपासून खालपर्यंत गार वारा लागत होता. ते बाईंच्या कानाशी वाकले. "मागून फार दिसतंय का गं?"

"छे हो, काही कळतसुद्धा नाही" हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. इतक्या वर्षांची जीभ होती ती. त्यांनी ते गिळलं.

"सगळं दिसतंय," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मग ते असे मोठ्याने हसले की लिफ्ट पुन्हा हलली. बाईंनी दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली. उस्तादांनी तिच्यात बूट ठेवला, वरची चौकट पकडली आणि होते तसेच, फाटक्या पँटनिशी, झडपेतून वर गेले.